क्विलचा जबडा

शनिवार, २० एप्रिल

आज हॅमिश क्विलचा जबडा मोडला. मी मोडला, असं लिहायला हवं. माझी बायको ब्रॉन म्हणाली होती, "माझ्याशी बोलत नाहीस तर निदान लिही तरी." म्हणून लिहायला घेतलं, आणि पहिल्याच पानावर हे आलं.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना, तिसरा क्वार्टर चालू होता. क्विल म्हणजे हार्बर संघाचा जीव. मैदानाच्या मधोमध बॉल कुठेही पडो, उचलला जातो तो त्याच्याच हातांनी. आणि आमच्या ब्रोल्गा संघाने मला इतकी वर्षं पोसलंय ते असल्यांसाठीच. मीही मिडफिल्डर, पण मला बॉल खेळायला कोणी सांगत नाही. समोरचा सगळ्यात भारी माणूस धरायचा आणि सायरन वाजेपर्यंत त्याला चिकटून राहायचं. जर्सी ओढायची, बरगडीत कोपर घालायचं, त्याच्या बायकोबद्दल वाटेल ते बोलायचं. त्याला खेळ नकोसा झाला की माझं काम झालं.

क्विलला नकोसा होत नव्हता. मी त्याच्या मांडीत गुडघा घातला तर हसून म्हणाला, "कॅमो, दमलास रे. पाणी पिऊन ये, मी थांबतो इथंच."

मग एक उंच किक आली. तो मागे मागे पळत होता, डोळे आभाळात, दोन्ही हात वर, सगळं अंग उघडं. मी बाजूने आलो. बॉल मला मिळणार नाही हे मला कधीच कळलं होतं. थांबता आलं असतं. खांदा खाली घेतला आणि घुसलो.

ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. तो पडला तरी त्याचा एक हात वरच राहिला, ताठ, बॉल झेलायच्या बेतात. तोंडातून रक्त, रक्तात दाताचा तुकडा. मग सगळे माझ्यावर धावले. हार्बरचा तो धिप्पाड डोव्ह मागून आला आणि त्याने माझ्या कानामागे बुक्का घातला. जमीन एकदम तोंडाशी आली.

आमच्या क्लबच्या डॉक्टर हेमिंगबाई धावत आल्या. "कॅमो, कोण पुढे आहे? किती गुणांनी?" मी बरोबर सांगितलं. त्यांच्या पाठीमागेच गुणफलक होता.

जिंकलो. डॅडचा फोन आला. "टीव्हीवर हाड मोडलेलं ऐकू आलं रे पोरा! पुन्हा दाखवलं तेव्हाही ऐकू आलं!" कत्तलखान्यात आयुष्य गेलं त्याचं, आवाजाचा कान आहे त्याला. एवढा खुश मी त्याला माझ्या लग्नातही बघितला नव्हता.

घरी आलो तर ब्रॉनने टीव्ही बंद करून ठेवला होता. आमच्या छोट्या इंडीला आज लवकर झोपवलं म्हणे.

मंगळवार, २३ एप्रिल

शिस्त समिती. टेबलामागे तिघं, त्यातला एक जुना खेळाडू, नाक वाकडं झालेला. माझी धडक मंद गतीत पुन्हा पुन्हा दाखवली. वकिलाने पढवलं होतं तसं मी म्हणालो, "माझी नजर बॉलवर होती."

वाकड्या नाकाचा म्हणाला, "बरं. बॉल कुठल्या बाजूने येत होता?"

तोंड उघडलं आणि काहीच येईना. ती फिल्म तर आत्ताच बघितली होती. शेवटी म्हणालो, "वरून." कोणीतरी फिस्सकन हसलं. वकिलाला वाटलं मी मुद्दाम वेळ काढतोय. बाहेर आल्यावर शाबासकी दिली.

सात सामने बंदी. क्विलचा जबडा दोन ठिकाणी मोडलाय, आत धातूची पट्टी बसवलीय.

दाराबाहेर हार्बरचा मफलर घातलेल्या एकाने माझ्या अंगावर गरम कॉफी फेकली. मी त्याचा गळा धरून भिंतीला लावला. पाय अधांतरी झाले त्याचे. क्लबच्या लोकांनी सोडवलं. गाडीत आमचा कोच ट्रेगार्थन हसत होता. "सातच? मला वाटलं होतं दहा तरी देतील. स्वस्तात पडला की रे जबडा."

शुक्रवार, ३ मे

बंदी असली तरी सराव आहेच. आज रूफस बेलची भुवई फोडली. रूफस आमचाच, मी त्याच्या पोरीच्या बारशाला गेलोय. त्याने माझ्या हातून बॉल काढून घेतला, एवढंच. भानावर आलो तेव्हा मी त्याच्या छातीवर बसलो होतो आणि त्याचे डोळे रक्ताने भरले होते.

"अरे सराव आहे हा! सराव!" तो ओरडत होता.

ट्रेगने बाजूला घेतलं. वाटलं झापणार. म्हणाला, "हे साठवून ठेव. जूनमध्ये लागेल."

यंदा ऊन फार तिरपं पडतंय. सरावानंतर ड्रेसिंग रूमच्या दिव्यांचाही त्रास होतो. आत टोपी घालून बसलो तर पोरं चिडवतात. डॉक्टर हेमिंगना सांगितलेलं नाही. सांगून काय होणार, मशीनवर बसवून डोक्याची तीच परीक्षा घेणार. ती परीक्षा आम्ही सगळेच सीझनच्या आधी मुद्दाम वाईट देतो, म्हणजे पुढे डोक्याला लागलं तरी फरक दिसत नाही.

रविवार, १२ मे

मदर्स डे. डॅडकडे जेवायला गेलो. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, तरी डॅड या दिवशी रिकोटा चीज भरलेल्या खुसखुशीत पास्तिझी आणतो, तिला आवडायच्या म्हणून. आईला जे आवडायचं ते तो ती गेल्यावरच आणायला लागला.

जेवताना त्याने क्विलचा जबडा पुन्हा तीनदा मोडला, काट्याने, चमच्याने आणि पावाच्या तुकड्याने. ब्रॉन उठून भांडी घासायला गेली. डॅड म्हणाला, "हिला झेपत नाही. तुझी आई बघ, माझा हात उठला तरी कधी हूं की चूं केलं नाही तिने." मी हसलो. ब्रॉनच्या हातून बशी फुटली.

येताना पेट्रोल पंपावर थांबलो. शेजारच्या गाडीतला माणूस काच खाली करून म्हणाला, "काय रे खाटका, आज कोणाला मारलंस?" मी त्याला खिडकीतूनच बाहेर ओढला. दोनच ठोसे, तिसरा गाडीच्या पत्र्याला बसला. सॉरी सॉरी करत होता. प्रकरण तिथंच मिटलं, पोलिसबिलीस काही नाही. तसं विशेष काही झालं नाही.

इंडी मागच्या सीटवर होती, पण ती झोपली असणार. घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

शनिवार, १८ मे

इंडीची खाट ब्रॉनने आपल्या खोलीत नेली. तिला खोकला आहे म्हणे. मी हॉलमध्ये झोपतोय, म्हणजे माझ्या कुशीवर वळण्याने कोणाची झोप मोडत नाही. ब्रॉन सगळ्याचा विचार करते.

खोकला मात्र ऐकू आला नाही.

गुरुवार, ६ जून

क्विलकडे जाऊन आलो. क्लबने सांगितलं नव्हतं, वकिलाने तर जाऊच नको म्हणून बजावलं होतं. ब्रॉन म्हणाली, "तू जा. मी नेते." हल्ली गाडी तीच चालवते. मी वळणं फार जवळून घेतो म्हणे.

समुद्राजवळचं घर. दार त्याच्या सासूने उघडलं. मला बघून तिने दार लावूनच घेतलं असतं, पण आतून तो ओरडला, दातांतल्या दातांत, "येऊ दे त्याला." जबडा तारांनी बांधलेला. निम्मा झालाय. हातात स्ट्रॉ घातलेला सूपचा पेला.

मी म्हणालो, "सॉरी म्हणायला आलोय."

"ते राहू दे. मला त्या दिवसातलं काही आठवत नाही. सकाळी मोजे घातले, मग एकदम हॉस्पिटल. फिल्म मी बघत नाही. तू सांग काय झालं ते."

सांगितलं. किक, त्याचे वर गेलेले हात, माझा खांदा. त्याने मधेच विचारलं, "थांबता आलं असतं?"

"हो."

तो स्ट्रॉने सूप ढवळत राहिला. मग म्हणाला, "वकिलाने हे बोलायला सांगितलं नसणार."

"नाही."

"ऑगस्टमध्ये मी परत येतोय. शेवटचा सामना तुमच्याशीच आहे. तेव्हा पुन्हा करशील?"

"ट्रेगने सांगितलं तर करीन."

तो हसायला गेला आणि कळवळून हनुवटी धरून वाकला. "साल्या, हसवू नकोस रे. तारा ओढतात."

परत येताना ब्रॉनने विचारलं, काय बोललात. मी सांगितलं. ती पुढे बघत गाडी चालवत राहिली. मी खरं बोललो होतो, त्यात तिला वाईट वाटण्यासारखं काय होतं कोण जाणे.

शनिवार, १५ जून

बंदी संपली. पहिलाच सामना, समोर तो लालकेस्या डफी. चौथ्या मिनिटाला त्याच्या घशावर कोपर घातलं. तो खोकत खोकत रक्त थुंकला आणि पुढच्या झटापटीत मी खाली वाकलेला असताना त्याने गुडघा माझ्या कानशिलात दिला.

दुसऱ्या क्वार्टरमध्ये मी फार भारी खेळलो असं सगळे म्हणतात. डफीला चारदाच बॉल मिळू दिला. टीव्हीवाल्यांनीही तेच सांगितलं. मला विचारलं तर मी म्हणालो, "टीममुळे झालं." मला तो क्वार्टर मुळीच आठवत नाही. पण खेळलो असेन.

डॉक्टरांची परीक्षा पास.

मंगळवार, ९ जुलै

ब्रॉनची बहीण मॅग राहायला आलीय. तिच्या घराला रंग देतायत. मॅगचे खांदे माझ्याएवढे आहेत, गाईंच्या गोठ्यात वाढलेली बाई. माझ्याशी चांगलं बोलते, पण ब्रॉन आणि मी एका खोलीत असलो की हीसुद्धा येऊन बसते. रंगाचं काम किती दिवस चालणार विचारलं तर म्हणाली, "पाऊस आहे ना, वाळत नाही."

बुधवार, २४ जुलै

ब्रॉनला म्हटलं, भूक लागली, वाढ. ती म्हणाली, "आत्ताच तर जेवलास." मला वाटलं थट्टा करतेय. सिंकमध्ये माझी ताटली होती.

मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला भोक पडलंय आणि माझी दोन बोटं सुजलीत. मॅग मधे उभी होती, हातात जड तवा. म्हणाली, "डिऑन, बाहेर जा." ती मला कॅमो म्हणत नाही. गेलो. बाहेर छान गार वाटलं.

सुजलेल्या बोटांना टेप लावून शनिवारी खेळेन.

मंगळवार, २० ऑगस्ट

शनिवारी हार्बर. जो जिंकेल तो फायनल्समध्ये, हरेल तो घरी. क्विल परतलाय, मागच्या दोन सामन्यांत बत्तीस आणि पस्तीस वेळा बॉल मिळाला त्याला. नवीन दात बसवून हसतो.

ट्रेगने एकट्याला बोलावलं. टेबलावर कागद नाही, फळा नाही, काही नाही.

"त्याला जबड्याची आठवण करून द्यायची. पहिल्या पाच मिनिटांत."

"पुन्हा तिथंच?"

"तिथंच. सीझनभर बंदी झाली तरी चालेल, तुझा करार तसाही संपतोय. शेवटचं एवढं करून जा. लोक नाव काढतील."

मी हो म्हणालो. मनातून बरंही वाटलं. इतक्या वर्षांत कोणी इतक्या प्रेमाने काही मागितलं नव्हतं.

शनिवार, २४ ऑगस्ट

सकाळी उलटी झाली. नेहमीचंच, सामन्याआधी होते.

मैदान खचाखच. क्विलशेजारी जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "सांगितलं का त्याने?" मी म्हणालो, "हो." तो म्हणाला, "बरं. मुलगी झालीय मला, गेल्या आठवड्यात." असं का सांगितलं त्याने मला? मी त्याच्या मनगटावर नखं रोवली, तो काही बोलला नाही.

पहिल्या बाउन्सला, पंचाने बॉल जमिनीवर आपटताच, त्याला पाडला. दुसऱ्यांदा त्याचा कान माझ्या हातात आला, पिळला. डोव्हने माझ्या बरगड्यांत ठोसे घातले. आमचे प्रेक्षक "जबडा! जबडा!" असं एका सुरात ओरडत होते. इतक्या माणसांचा आवाज एकदम आला की छातीत घुमतो.

मग तीच किक आली. अगदी तीच. उंच, वाऱ्यावर डुलणारी. क्विल मागे मागे पळाला, हात वर, हनुवटी वर, जुना वण उन्हात चमकत होता. मी बाजूने सुटलो. एवढ्या जोरात मी या सीझनमध्ये पळालो नव्हतो. खांदा खाली घेतला.

आणि दोन क्विल होते.

दोघेही खरे. दोघांचे हात वर. मला वाटलं, डावा. डाव्यात घुसलो आणि तिथं कोणीच नव्हतं. मी हवेतून जाऊन जमिनीवर आपटलो, दात दातांवर आदळले, तोंडात माती आणि गवत. उजव्या क्विलने बॉल झेलला, वळला आणि गोल मारला.

चार गुणांनी हरलो. सीझन संपला.

रविवार, २५ ऑगस्ट

पेपरात माझा फोटो, पहिल्या पानावर. मी हवेत, क्विल माझ्या मागे सुखरूप. मथळा आहे: "खाटकाने सुरी टाकली." आत लिहिलंय की शेवटच्या क्षणी मी वळलो, की एवढ्या मोठ्या सामन्यात माणुसकी दाखवायला छाती लागते.

ट्रेगने फोनवर एवढंच म्हटलं, "तुझं सामान कोणाकडे तरी पाठवतो. स्वतः येऊ नकोस, पोरं फाडून खातील."

डॅडकडे गेलो. त्याने दारातच मुस्काटात मारली. म्हातारा झालाय, पण हात तसाच आहे. "विकला गेलास? त्या हसऱ्या माकडासाठी?" दुसरी मारली. मी मोठा आहे, वजनाने दुप्पट आहे, तरी हात खाली ठेवून उभा राहिलो. त्याच्यापुढे माझे हात वर जात नाहीत, कधीच गेले नाहीत. "तुझ्या आईचं रक्त," म्हणाला आणि दार लावलं.

दुपारी क्विलचा फोन. "कॅमो, काय बोलू रे. माझी बायको रडतेय. तिला तुझ्याशी बोलायचंय." त्या बाईने माझे आभार मानले. मागे बाळ रडत होतं. मी हूं हूं करत राहिलो.

आणि ब्रॉन. ब्रॉनने माझा सुजलेला गाल बघितला, बर्फ आणला आणि स्वतःच्या हाताने लावला. किती महिन्यांनी हात लावला तिने. माझ्या केसांतून बोटं फिरवून म्हणाली, "मला माहीत होतं. तू तसा नाहीस, हे मला माहीत होतं." संध्याकाळी तिने गुणगुणत भाजी चिरली. इंडी येऊन माझ्या मांडीवर बसली.

मी काही बोललो नाही. कोण बोलेल?

सोमवार, २६ ऑगस्ट

बोललो.

सकाळी ती चहा ओतत होती आणि मला दोन ब्रॉन दिसल्या. दोघी हसत होत्या. त्यांतली कुठली खरी, हे मला सांगता येईना, आणि तेव्हा भीती वाटली. मैदानावर वाटली नव्हती.

म्हणालो, "मी त्याला सोडला नाही, ब्रॉन. मला दोन दिसले. मी चुकीच्यात घुसलो."

तिने किटली खाली ठेवली. "दोन म्हणजे?"

"दोन क्विल. मला मारायचाच होता. लागला असता तर या वेळी मेला असता."

ती रडेल असं वाटलं होतं. ती खुर्ची ओढून बसली. "आत्ता मी किती आहे?"

"दोन."

"कधीपासून?"

"ऊन तिरपं असलं की. जूनपासून. नाही, त्याच्याही आधीपासून."

तिने मॅगला हाक मारली. मॅग येऊन दाराला टेकून उभी राहिली. ब्रॉन म्हणाली, "मॅगच्या घराला रंग देत नाहीयेत. मी बोलावलंय तिला."

"कशाला?"

मग मॅगच म्हणाली, "तू हिला मारशील म्हणून, डिऑन."

"मी कधी तुला हात लावलाय?"

"नाही," ब्रॉन म्हणाली. "कपाटाला लावलास. कपाटाच्या दारापासून माझं डोकं किती लांब होतं, बघितलंस? इंडी पंपावर झोपली नव्हती. तिने सगळं बघितलं. तिला खोकलाबिकला काही झाला नव्हता." मग म्हणाली, "परवापासून मला वाटत होतं, चला, याला थांबता येतं. दोन दिवस बरे गेले रे."

मला हे एवढं कसं कळलं नाही? सगळं माझ्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

मंगळवार, २७ ऑगस्ट

ब्रॉनने डॉक्टर हेमिंगकडे नेलं. या वेळी काही लपवलं नाही. त्यांनी डोक्याची चित्रं काढायला पाठवलं, डोळ्यांत बॅटरी मारली, प्रश्न विचारले. शेवटी म्हणाल्या, "खेळ संपला, कॅमो. याच्यापुढे एक धक्कासुद्धा नको. आणि राग येतो तो सगळाच स्वभावाचा नाही."

मी विचारलं, "मग किती स्वभावाचा आणि किती डोक्याचा?"

"ते मला सांगता येणार नाही. कोणालाच नाही येणार."

क्विललाही फोन करून खरं सांगितलं. तो म्हणाला, "बायकोला सांगणार नाही मी. तिला झोप लागायला लागलीय." आणि जरा वेळाने, "मला तू आवडायला लागला होतास रे." ठेवला.

संध्याकाळी घरी इंडी गाणं म्हणत टेबलावर चमचा आपटत होती. काहीच नव्हतं, पोर गात होती. पण प्रत्येक ठोक्याला डोक्यात काहीतरी चढत होतं, कानशिलांतून डोळ्यांत. मी म्हणालो, बंद कर. ती हसली आणि अजून जोरात आपटायला लागली. मी उठलो. माझा हात उठला. स्वभावाचा की डोक्याचा, ते मला माहीत नाही, पण उठला. इंडीचा चमचा हवेतच राहिला. ब्रॉन ओट्यापाशी, मॅग अंगणात, मधे कोणीच नव्हतं.

हात खाली आणला. तसाच चालत मागच्या दाराने बाहेर आलो आणि म्हणालो, "ब्रॉन, कडी लाव."

"डिऑन..."

"आतून लाव. मी सांगेपर्यंत उघडू नकोस. मी सांगितलं तरी उघडू नकोस."

कडी लागल्याचा आवाज आला. मी पायरीवर बसलो. हात मांड्यांखाली दाबून धरले. आत इंडी रडायला लागली, मग ब्रॉनचा आवाज, मग मॅगचा. बऱ्याच वेळाने रडणं थांबलं.

डोकं शांत झाल्यावर दार वाजवून म्हणालो, "आता ठीक आहे."

दार उघडलं नाही. शेजारची खिडकी वर झाली आणि ब्रॉनने जेवणाची ताटली बाहेर दिली. मी ती हातात घेतली. तिने खिडकी लावून घेतली, आणि तिचीही कडी लावली.

बरं केलं. पायरीवर बसून जेवलो.